पोटरीवर फिरलेलं लाटणं

मी लाटणं बोलतोय. पळण्याच्या गोष्टीत लाटणं कुठून आलं, हेच सांगायला तोंड उघडलंय.

एका सुतारानं खाटेच्या उरलेल्या पायातून मला कातलं, म्हणजे पायाशी नातं जन्माचंच. या घरात अकरा वर्षं कणीक लाटली. मग घरच्या सूनबाईंना त्रेचाळिसाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटर पळायचं वेड लागलं आणि पोटऱ्या दगड झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज रोलर फिरवा." सूनबाई दुकानातल्या रोलरची किंमत नुसती बघून आल्या आणि त्यांनी मला उचललं.

कणकेचा गोळा दाबला की निमूट पसरतो. पोटरीतला दाबला की माणूस देवाचं नाव घेतं.

सासूबाईंनी ते पाहून कपाळाला हात लावला. "अगं, ते स्वयंपाकाचं आहे."

"धुऊन ठेवते ना, आई."

"धुऊन काय ठेवतेस. त्याची बदली झाली आता."

संध्याकाळी नवं लाटणं आलं, आणि माझा मुक्काम हलला बुटांच्या फळीवर. वास सोडला तर जागा वाईट नाही.

पहिल्याच शर्यतीत सूनबाई बत्तिसाव्या किलोमीटरला मटकन बसल्या. गाडीत घालून आणावं लागलं. कारण मला ठाऊक होतं, पण लाटण्याला कोण विचारतो? शर्यत पुरी होईपर्यंत गोडाचा कणही खाणार नाही, असा त्यांचा नेम होता. केळंसुद्धा वर्ज्य.

दुसऱ्या शर्यतीला सात आठवडे उरले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं. "पळताना खाता काय?"

"पाणी. चिमूटभर मीठ."

"आणि गोड?"

"नेम आहे माझा."

"अहो, मग पोटरी काय करेल बिचारी? चूल पेटवायची आणि लाकूड घालायचं नाही, असं झालं. यंदाही खाल्लं नाहीत, तर पुन्हा बत्तिसाव्यालाच बसाल."

घरी येऊन सूनबाई मला पोटरीवर फिरवत रडल्या. नेम मोडवेना, शर्यत सोडवेना. सासूबाई समोर मटार सोलत होत्या. चहात अडीच चमचे साखर घेऊन वर चमचाही चाटणारी ही बाई.

"नेम मोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं उचलायचा. देव काय, घरातलाच आहे, समजून घेतो. गोड मी सोडते, तू खा."

"जमेल तुम्हाला, आई?"

"ते माझं मी बघेन. तू पाय उचल म्हणजे झालं."

झालं, घराला प्रशिक्षक मिळाला. बिनसाखरेच्या चहाचा घोट घेऊन सासूबाई विचारायच्या, "आज किती?"

"अठरा."

"एवढेच?"

सूनबाई दर अर्ध्या तासाला खजूर खायला शिकल्या; पहिला खाल्ला तो डोळे मिटून, हात जोडून. एकदा नडगी ठणकत असताना बूट चढवायला लागल्या, तर सासूबाई दारात आडव्या. "आज विश्रांती. पाय दुखावलास तर वर्षभर हा काढा मी प्यायचा का?"

शर्यतीच्या दिवशी सासूबाई मुलाच्या स्कूटरवरून बत्तिसाव्या किलोमीटरला जाऊन उभ्या राहिल्या. मी पिशवीत. सूनबाई लंगडत आल्या, दगडावर बसल्या. मी दोन मिनिटं जीव तोडून फिरलो. सासूबाईंनी तोंडात खजूर कोंबला. "आता ऊठ. बसायला घरी सोफा आहे."

सूनबाई उठल्या.

शर्यतीची वेळ संपायला अकरा मिनिटं असताना त्यांनी शेवटची रेघ ओलांडली. कमरेच्या पाकिटातून उरलेला एकुलता एक, घामट, चिकट खजूर काढला आणि स्कूटरवरून तिथं येऊन थांबलेल्या सासूबाईंच्या तोंडात आधी घातला. सासूबाईंचे डोळे आपोआप मिटले. बी त्या घरी पोहोचेपर्यंत चघळत होत्या.

आता माझ्या पोटाला चीर गेलीय. सूनबाईंनी पुढच्या शर्यतीला नाव दिलंय, आणि या खेपेचा नेम सासूबाईंच्या मुलाच्या गळ्यात पडलाय. तो बिनसाखरेचा चहा पितो आणि बायकोच्या पोटऱ्यांची आस्थेनं चौकशी करतो.

मागणं एवढंच, बायांनो: नेम जरूर धरा, पण उपाशी पाय पळवू नका. आणि आपल्यासाठी कुणी तोंड कडू केलं असेल, तर पहिला घास त्यांचा.