शेवग्याचे चार थेंब

स्वतःला वैद्य म्हणवणाऱ्या आप्पाजींनी मंचावरून ग्लास उंच धरला. आतलं पाणी गडद तांबूस.

"हे बघा तुमचं रक्त! धूर, टेन्शन, इंग्रजी औषधं, सगळं विष यात साठलंय!"

मग त्यांनी शेवग्याच्या पानांच्या अर्काचे चार थेंब सोडले. पाणी डोळ्यांदेखत नितळ झालं. बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या त्या हॉलमध्ये शे-दीडशे मराठी माणसं जमली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी हातही जोडले.

कस्तुरीने टाळी वाजवली नाही. ती वनस्पतींवर संशोधन करायची, आणि आप्पाजींच्या मागच्या फलकावर तिच्याच निबंधातला आलेख छापला होता. शेवग्याच्या पानांत अँटिऑक्सिडंट भरपूर, हे तिनेच मोजलं होतं. त्याखालचं 'कॅन्सर मुळासकट बरा' मात्र तिचं नव्हतं.

शेजारी तिचा थोरला भाऊ चंद्रकांत बसला होता. त्याचा रक्ताचा कॅन्सर चार वर्षं रोजच्या एका गोळीवर आटोक्यात होता. ती गोळी त्याने दोन महिन्यांपूर्वी सोडून आप्पाजींचा अर्क सुरू केल्याचं हेमलतावहिनीने कालच रडत रडत फोनवर सांगितलं होतं.

"दादा, गोळी का सोडलीस?"

"तूच तर सिद्ध केलंस ना, कस्तू," तो कौतुकाने म्हणाला. "घरचंच संशोधन. मग भ्यायचं कशाला?"

ती उठली, सरबताच्या टेबलावरची लिंबाची फोड घेऊन थेट मंचावर गेली. तिथे त्याच तांबूस पाण्याचा दुसरा ग्लास भरलेलाच होता.

"स्वल्प थांबा अक्का, हे मंत्रून..."

आप्पाजी पुढे येईपर्यंत तिने लिंबू पिळलं होतं. पाणी नितळ!

"हे जखमेवर लावायचं आयोडीन आहे," ती म्हणाली. "लिंबातलं, पानांतलं क जीवनसत्त्व त्याचा रंग घालवतं. यात रक्त नाही, आणि ग्लास म्हणजे शरीर नव्हे. मी पानं काचेच्या नळीत तपासली. एकाही रुग्णावर नाही."

आप्पाजी हसले. "विज्ञानाची नजर इथंच संपते, अक्का. श्रद्धेची इथून सुरू होते."

बरेच जण उठून गेले. काही मात्र अर्काच्या बाटल्या विकत घ्यायच्या रांगेत तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी चंद्रकांतचं रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी, ज्या अकरा हजारांच्या आत असायला हव्यात, नव्वद हजारांवर गेल्या होत्या. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. पूर्वीसारखा गुण येईल का, ते आताच सांगता येणार नाही म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर त्याने हळूच विचारलं, "म्हणजे तुझं संशोधन खोटं होतं?"

"खरं होतं, दादा. पण ते पानांबद्दल होतं. तुझ्याबद्दल नव्हतं."

तिने त्याचा हात धरला. याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

ग्लासातला रंग कुणीही उडवू शकतो. तेव्हा टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा: हे किती माणसांवर तपासलं, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचं काय झालं? उत्तर मिळेपर्यंत चालू औषध सोडू नका.