लिफ्टची निधनवार्ता

संपादकांच्या विनोदाला एकच चाळणी होती, ती म्हणजे बायको. अग्रलेख त्यांनी कधी कुणाला दाखवला नाही, पण विनोद आधी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचायचा. ती भाजी चिरता चिरता हसली तर छापायचा, "अहो, हे नको हं" म्हणाली तर मुकाट फाडायचा. वाद नाही! ती गेली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून हा गृहस्थ स्वतःच लिही आणि स्वतःच हसे. घरात दुसरं हसायला होतंच कोण? माणसांचा आवाज ऐकू यायचा तो फक्त कचेरीत.

त्या दिवशी निधनवार्तांच्या पानावर एक चौकट रिकामी राहिली. पान तर छपाईला सोडायचं होतं. संपादकांनी नगरपालिकेच्या बंद लिफ्टची निधनवार्ता लिहून टाकली: 'कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. वर जाण्याची इच्छा अखेर अपुरीच राहिली. मागे तीन मजले आणि धापा टाकणारे असंख्य नागरिक असा परिवार आहे.' एकटेच खो-खो हसले. शेजारच्या चौकटीत कोण आहे, ते बघायचं राहूनच गेलं.

शेजारी होते एक निवृत्त मास्तर. खरोखरच कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले.

झालं! गावभर बोंब उठली. "मेलेल्या माणसाची थट्टा करता? जनाची नाही, निदान मनाची तरी!" फोन थांबेनात.

मालक म्हणाले, "दोन ओळींची दिलगिरी छापा हो. चार दिवसांत लोक विसरतील."

"मी शेजारी बघितलंसुद्धा नाही," संपादक म्हणाले, "असल्या माणसाने त्या खुर्चीत बसू नये." आणि राजीनामा टेबलावर ठेवून बाहेर पडले.

तिथून ते थेट मास्तरांच्या घरी गेले. "वहिनी, राजीनामा देऊन माफी मागायला आलोय."

मास्तरांच्या बायकोने आधी पाणी दिलं. "खरं सांगू? मी हसले हो. चांगली मोठ्याने हसले. 'अहो, ऐकलंत का' म्हणत पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले, तर पलंग रिकामा."

संपादकांनी पेला खाली ठेवला. "मीही अजून स्वयंपाकघराच्या दारातच वाचून दाखवतो," ते म्हणाले.

"आणि राजीनामा कशाला दिलात? मग आता काय वाचाल?"

नमस्कार करून ते उठले.

घरी आल्यावर सवयीने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ओटा कोरडा होता. हातात कागदही नव्हता.

"राजीनामा दिला गं," ते म्हणाले. अहो, हे नको हं, असं कुणी म्हणालं नाही.