पोटभर डिझेल आणि कोंडलेला श्वास

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. जुना म्हणजे इतका, की माझा मूळ रंग निळा होता हे आता फक्त सीटखालच्या पत्र्यालाच आठवतं. दुकानाच्या आवारात माझ्यासारखे आठ-दहा भाऊ ओळीने उभे होते. त्यांतून माझ्या मालकांनी, आप्पांनी, मला निवडलं. कारण काय, तर माझा हॉर्न सगळ्यांत मोठा वाजला! माणसं सोयरीकसुद्धा अशीच जुळवतात, असं पुढे माझ्या कानावर आलं.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं फार छान गेली. नांगरट केली, ट्रॉली ओढली, चिखलात रुतलेल्या भल्याभल्यांच्या गाड्या बाहेर काढल्या. ज्यांनी मला ‘डबडं’ म्हणून हिणवलं होतं, त्यांची गाडी ओढताना मी धूर जरा सढळ हाताने सोडत असे. आप्पा मला रोज पुसत. स्वतःच्या चष्म्याच्या काचा मात्र महिना महिना तशाच. पुढे त्यांचा मुलगा दूर नोकरीला लागला आणि माझं स्टिअरिंग सूनबाईच्या हाती आलं. आधी शेजारी हसले. मग तिची नांगराची तासं दोरीने आखल्यासारखी सरळ येतात हे दिसलं, तेव्हा तेच दारात येऊन म्हणू लागले, “वहिनी, आमचं रान कधी नांगरता?”

पण यंदा माझं काहीतरी बिनसलं. सुरू व्हायचो झोकात. अर्धा-पाऊण तास चालायचो. मग धाप लागायची, दोन आचके, आणि चिडीचूप. तासभर विसावा मिळाला की पुन्हा सुरू. गंमत म्हणजे टाकी काठोकाठ भरली की मी उलट लवकर बंद पडायचो.

“पोट भरलं की झोपतो हा,” आप्पा म्हणाले. “सरकारी कचेरीत पाठवायला हवा.”

गावातल्या मिस्त्रींनी फिल्टर बदलला. डिझेलचा गाळ साठतो ती काचेची वाटी धुतली. नळ्यांतली हवा काढली, पंप उघडून पाहिला. तपासताना टाकीचं झाकण काढून बाकावर ठेवलेलं असायचं, आणि मी त्यांच्याकडे दोन-दोन तास ठणठणीत चालायचो. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा, तसा! शेतात गेलो की पुन्हा तेच रडगाणं. तीन खेपा झाल्या. आप्पांनी मिस्त्रींना चारचौघांत ‘हातोडीबहाद्दर’ म्हटलं, आणि भंगारवाल्याला सांगून टाकलं, “शनिवारपर्यंत सुधारला नाही, तर उचल.”

“मामंजी, नवा घ्यायचा म्हटलं तर पैसे जमेपर्यंत दोन वर्षं थांबावं लागेल,” सूनबाई म्हणाली. “तोवर मी काय करू? घरात बसून भिंती मोजू?”

आप्पा फडकं घेऊन मला पुसायला लागले. मी जन्माचाच मुका. मला उत्तर ठाऊक होतं, पण आमच्या जातीला बोलता येत नाही, मित्रांनो. आम्हांला फक्त बंद पडता येतं.

शनिवार उजाडला. सूनबाईने टाकी भरली आणि शेवटचं म्हणून मला शेतात नेलं. वीस मिनिटांत मी मान टाकली. बांधावर आप्पा, त्यांच्या शेजारी भंगारवाला, आणि मागे त्याचा ट्रक. एरवी ती मी निवण्याची वाट पाहून मग डिझेल बघायची. आज तिला धीर कुठला? तिने तडक झाकणाला हात घातला. ते निघेना! दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन पिळलं, तेव्हा कुठे सुटलं. आणि सुटताना टाकीने एवढा मोठा ‘फुस्स’ श्वास ओढला, की ती दचकून मागे सरली.

तिने झाकणाकडे पाहिलं. मग ते नुसतं वर टेकवून ठेवलं आणि किल्ली फिरवली. मी सुरू! विसावा नाही, काही नाही. उरलेलं अख्खं रान तिने एका दमात नांगरलं. मी एकदाही अडखळलो नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! बुडता बुडता डोकं पाण्यावर आल्यासारखं.

मग ती झाकण घेऊन बांधावर आली.

“मामंजी, याला आतून हे रबर कसलं?”

आप्पांनी घसा खाकरला. “सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे ते. मीच चिकटवलं. कंपनीने झाकणाला भोक ठेवलेलं. मागे पाणी गेलं नव्हतं का डिझेलमध्ये? म्हटलं, पक्कंच बुजवू.”

“अहो, ते भोक हवेसाठी असतं! डिझेल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला नको? श्वासच कोंडला होता त्याचा. टाकी भरलेली असली की आत हवा थोडी, म्हणून लवकर कोंडायचा; तासाभरात फटीतून हवा झिरपली की पुन्हा सुरू.”

भंगारवाला पोट धरून हसला. “म्हणजे आप्पा, हातोडीबहाद्दर कोण ठरलं?”

“हळू बोल,” आप्पा म्हणाले. “मिस्त्रीच्या कानावर जाईल.”

त्यांनी स्वतः नखाने खरवडून ठिगळ काढलं. भोक उजेडाकडे धरून, त्यातून आभाळ दिसेपर्यंत साफ केलं. माझ्या बॉनेटवर हात फिरवला. मग मिस्त्रींची माफी मागायला निघाले. आणि पायी जायचा कंटाळा, म्हणून भंगाराच्या ट्रकमध्येच चढून बसले.

“जपून न्या हं,” सूनबाई ओरडली, “आमचे मामंजी परत पाहिजेत!”

आता उघड्यावर उभा असतो तेव्हा माझ्या झाकणावर एक उपडा डबा असतो. पाणी आत जात नाही, हवा जाते.

मित्रांनो, आम्हां यंत्रांची हेळसांड करू नका, हे तुम्हांला सगळेच सांगतात. मी एवढंच जोडतो, की मायासुद्धा जरा बघून करा. जे भोक बुजवायचं मनात येईल, ते कशासाठी ठेवलंय हे आधी कुणाला तरी विचारा. आप्पांची माझ्यावर जगात सगळ्यांत जास्त माया, आणि मी मरता मरता वाचलो तो त्यांच्याच मायेतून. तरी पुसायला मला तेच हवेत. उद्या सकाळी शेजारच्यांचं रान आहे. टाकी काठोकाठ भरली आहे, आणि मला त्याची भीती वाटत नाही.