रूपरावांच्या धुऱ्यावरचे हिरे

रोहणा गावात रूपरावांच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, त्या संध्याकाळी उभं राहायला जागा नव्हती. साल १९७९, भाद्रपद. अंधार पडू लागला होता आणि एक फिरता महाराज सांगत होता, "बेटा, माता का खजाना है. गवतात हिरे चमकतात. पुण्यवानाले दिसतात, पाप्याले नाई."

तो एकेकाच्या कपाळाला बॅटरी टेकवी, 'तिसरा नेत्र' उघडी. माणूस हात जोडी. खरंच हिरवट ठिणग्या दिसत.

रूपरावांची विधवा भावजय अनुसयाबाई पुढे आली. अर्धं वावर तिचं, आणि खजिन्यासाठी उभं पीक खोदायला तिने नकार दिला होता. या वेळी महाराजाने बॅटरी आपल्याच हाती ठेवून बाजूने उजेड पाडला. तिला काहीच दिसलं नाही.

"हिचंच पाप आडवं येते. हिले गावाबाहेर काढा," महाराज ओरडला. रूपरावही बाकीच्यांसारखे बाजूला सरकले.

मी वर्ध्याला प्राणिशास्त्र शिकवत होतो. कोळ्यांचे फोटो काढायला आलो होतो. असे महाराज पाहून पाहून मी थकलो होतो. वाद घालायचं त्राण नव्हतं. बाईंच्या हाती माझी बॅटरी दिली. "डोळ्यांशेजारी धरा."

"दिसले जी," त्या हळूच म्हणाल्या. "लय दिसून राह्यले."

"आता एका हिऱ्याकडे सरळ चालत जा."

त्या गेल्या, वाकल्या. "हा तं कोळी आहे, मास्तर. पाठीवर पिल्लं आहेत."

मी चिखलात पालथा पडून फोटो काढला. खाली चार बारीक डोळे, वर दोन मोठे, मागे आणखी दोन. लांडगा कोळी. जाळं विणत नाही, जमिनीवर धावून शिकार करतो. त्याच्या डोळ्यांमागे चकाकता थर असतो. उजेड आला तिकडेच परततो. बॅटरी कपाळाशी धरली तर आपल्याला दिसतो, दुसऱ्याने बाजूने धरली तर नाही.

रूपरावांनी आपली बॅटरी कंबरेशी धरली, मग कपाळाशी. पुन्हा कंबरेशी. महाराज "मातेनं रूप बदललं" म्हणेपर्यंत लोक पांगू लागले होते.

"मंग वहिनीचं पाप?" रूपरावांनी विचारलं. महाराज झोळी उचलत होता.

अनुसयाबाईंनी बॅटरी मला परत दिली. "मघाशी सारे माह्यापासून दूर सरकले, मास्तर. शेजारीन बी सरकली. ते काऊन, हे कोनी सांगन का?"



फोटो चांगला आला. माझं मागणं एवढंच आहे: चमत्कार दिसला तर चार पावलं पुढे जाऊन, वाकून पाहा. आणि कुणाला पापी ठरवायचं असेल, तर त्याआधी नक्कीच.