इब्राहीम मिस्त्रीची हळद

सकाळी नऊ वाजता शेजारच्या एसटीडी बूथवरून इब्राहीम मिस्त्रीला हाक आली. भद्रावतीहून पुतण्या जाहिदचा फोन होता. त्याचा बाप, म्हणजे इब्राहीमचा थोरला भाऊ बिलाल, पहाटे गेला होता. मे महिन्याच्या उन्हात मयत ठेवता येत नाही, म्हणून दुपारची नमाज झाली की दोन वाजता दफन करायचं ठरलं होतं.

तीन वर्षं हे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ईदेच्या जेवणात बिलाल सगळ्यांसमोर म्हणाला होता, याचे हात ईदेलाही ऑइलने काळेच. इब्राहीम ताटावरून उठला तो थेट गोंडपिपरीला आपल्या घरी आला. बिलालने पुढे दोनदा निरोप धाडला, पण हा जागचा हलला नाही. माणसाला वाटतं, रुसायला सारा जन्म पडलाय. आता त्याला एवढंच हवं होतं की भावाचं तोंड झाकण्याआधी एकदा बघावं आणि त्याच्याजवळ वाकून माफी मागावी. माती पडली की ते जन्मात होणार नव्हतं.

नवरा गेल्यापासून मोठी बहीण अख्तरी त्याच्याकडेच राहायची. बसनं जाऊ, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. पण अख्ख्या तालुक्याच्या गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री बसच्या रांगेत उभा राहतो होय! दारात स्वतःची जीप आहे, बसच्या तासभर आधी पोचवतो, म्हणाला आणि तिला शेजारी बसवून त्याने चावी फिरवली.

कोठारीच्या अलीकडे, सागाच्या जंगलात, इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. पाण्याचा वरचा पाईप क्लिपजवळ फाटला होता. यात काय मोठंसं! पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही, उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिन निवायला वेळ लागतो, ही गोष्ट इब्राहीमने हजार गिऱ्हाइकांना शिकवली होती. आज त्या वेळेचं मिनिट न् मिनिट त्याच्या जिवावर येत होतं.

पाईपाचं फाटकं टोक कापून तो पुन्हा चढवत असतानाच मागून चंद्रपूरची बस आली. अख्तरीने रस्त्यात उभं राहून हात दाखवला आणि बस थांबली.

"चाल, इब्राहीम. जीप राहू दे इथीच."

"तू हो पुढं, आपा. दहा मिनिटाचं काम आहे. मी तुह्या आधी पोचतो."

कंडक्टरने घंटी मारली. अख्तरी चढली आणि मागच्या काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर बहिणीचं ऐकायला त्याला एकच पाऊल उचलायचं होतं. पण उघडं बॉनेट टाकून जाणं त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

डब्यातलं पाणी भरून दहा मिनिटांत जीप सुरू झाली खरी. चार किलोमीटरवर काटा पुन्हा लाल. त्याने पुन्हा बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा चाचपला तर ताठ होता. पाणीही आत्ताच भरलेलं होतं. मग घोडं पेंड खात होतं कुठे? त्याने रेडिएटरवर वरून खाली हात फिरवला. वरचा भाग चटका देत होता आणि खालचा गार होता. पाणी आतून खाली उतरतच नव्हतं. आणि का उतरत नव्हतं, हे या मुलखात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

रेडिएटर झिरपायला लागला की मूठभर हळद टाकायची, ती छिद्रात बसते आणि गळती थांबते. ही युक्ती त्याचीच, ड्रायव्हर लोक त्याच्या नावानेच ती सांगत. गिऱ्हाइकांना मात्र तो बजावायचा, ही घरी पोचण्यापुरती आहे, आठ दिवसांत कथलाचा डाग देऊन घ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःच्या जीपला त्याने दोन वर्षांत डाग दिला नव्हता. झिरपलं की हळद, पुन्हा झिरपलं की पुन्हा हळद. तिचाच गाळ नळ्यांत दाटून बसला होता.

रस्त्याला लागून मुखरू नावाच्या शेतकऱ्याची भाजीची वाडी होती. त्याच्या विहिरीवर मोटार होती, पण लाइन नव्हती. लाइन एक वाजता येते, तो म्हणाला. तोवर इब्राहीमने रेडिएटर खोलून विहिरीजवळ आणून ठेवला आणि दुसऱ्या गाडीसाठी रस्त्यावर हात करत राहिला. लाकडाचा एक ट्रक गेला, तोही उलट दिशेने.

एक वाजता मोटार सुरू झाली. त्याने रेडिएटर उलटा धरून खालच्या तोंडातून पाणी सोडलं. वरून पिवळा चिखल पडायला लागला आणि कितीतरी वेळ पडतच राहिला. हळद निघाल्याने गळतीचं छिद्र पुन्हा मोकळं झालं, त्यात त्याने साबण दाबला. सगळं बसवून निघाला तेव्हा पावणेदोन झाले होते. आता काटा मधोमध उभा होता, जराही हलत नव्हता. इतकी छान ती जीप वर्षभरात चालली नव्हती, आणि तो स्टिअरिंगवर हुंदके देत होता.

तो भद्रावतीला पोचला तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती. जाहिद पुढे झाला.

"तीन वाजेपर्यंत थांबलो, चाचा. अख्तरी फुफी सगळ्यायले सांगे, मिस्त्री आहे तो, येऊनच राह्यला. मंग अब्बाले ठेवता नाई आलं."

कबरीवर शिंपडलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं. इब्राहीमने मूठभर माती टाकली. ओठ हलवून पाहिले, पण मातीच्या ढिगाशी बोलायला त्याला शब्द सापडेनात.

भावाच्या घरी अंगणात अख्तरी बसली होती. तो तिच्या शेजारी टेकला.

"कसा दिसत होता, आपा?"

"दाढी पूरी पांढरी झाली होती," ती म्हणाली. "तुले मालूमच नाई."

इब्राहीमने डोळे मिटले आणि भावाचा चेहरा आठवून त्यावर पांढरी दाढी बसवायचा प्रयत्न केला. ती बसेना. त्याच्यापाशी होता तो काळ्या दाढीचा बिलाल, आणि तो तर केव्हाचाच राहिला नव्हता.