चालत नाही

टेलरबाई परदेशी निघाल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. तयारी म्हणाल तर डॉक्टरांनीही तोंडात बोट घालावं अशी. लसी टोचून होत आल्या, किडकी दाढ उपटून झाली, रक्तदाबाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या मूळ पाकिटांतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पिशवीत गेल्या. "तिथे जाऊन मी आडवी व्हायचं आणि बाळंतिणीने माझं करायचं? नावच काढू नका," असं त्या येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

राहिलं होतं एक कार्ड. पेनिसिलिन त्यांना चालत नसे. तरुणपणी एकदा दिलं तर घसा सुजून श्वास अडकला आणि बाई जाता जाता वाचल्या. तिथल्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं होतं. भाच्याने ते तिथल्या भाषेत लिहून दिलं. त्या भाषेच्या दोन परीक्षा काय दिल्या, स्वारीला घरात सगळे पंडितच म्हणायला लागले होते.

पण टेलरबाई लिहिलेलं माप दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसत. शेवटच्या लशीला त्या पंडितला घेऊन गेल्या आणि कार्ड सिस्टरपुढे ठेवलं. सिस्टरने त्या देशात सात वर्षं नोकरी केली होती.

"यात काय लिहिलंय, ते जरा आपल्या भाषेत सांगा."

"आत्या, माझ्यावर भरवसा नाही का?" पंडित फुरंगटला.

"आहे रे. पण मी लिहिलेली मापंसुद्धा मी तपासून घेते."

सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "लिहिलंय, पेनिसिलिनचा यांच्यावर परिणाम होत नाही."

"मग डॉक्टर काय करतील?"

"डोस वाढवून टोचतील, आणखी काय!"

पंडितचा चेहरा पडला. "तूच म्हणालीस, चालत नाही. मला वाटलं, लागू पडत नाही."

"अरे शहाण्या, घड्याळ चालत नाही ते वेगळं आणि औषध चालत नाही ते वेगळं!"

सिस्टरने हसत नवं कार्ड लिहिलं: देऊ नये, जिवाला धोका. टेलरबाई खुशीत उठल्या. पंडित मात्र उठेना.

"आत्या... ताईचं कार्डही मीच लिहिलं होतं. ती लग्न होऊन गेली तेव्हा."

पेनिसिलिन लेकीलाही चालत नव्हतं आणि तिचे दिवस भरत आले होते. टेलरबाईंनी तिथूनच तिला फोन लावला.

"ते कार्ड होय? पहिल्याच दिवशी दवाखान्यात दिलंय," लेक म्हणाली. तिला ती भाषा अजून नीट वाचता येत नव्हती. "आमचं लक्ष आहे म्हणाले."

टेलरबाईंनी फोन सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरने सगळं समजावून सांगितलं, नवा मजकूर पाठवला आणि लेक जावयासोबत तडक दवाखान्यात निघाली. इकडे आत्या-भाचा बाकावर बसून राहिले.

तासाभराने फोन वाजला.

"आई, फायलीवर लाल चिठ्ठी लावली. अगं, बाळंतपणात मला तेच इंजेक्शन, डोस वाढवून, द्यायचं ठरलं होतं."

फोन ठेवताच टेलरबाईंना रडू आवरेना. शेजारी मान खाली घालून बसलेल्या पंडितला त्यांनी घट्ट जवळ ओढलं.

"बोललास रे बाबा," त्या म्हणाल्या. "गप्प नाही बसलास."