नाल्याचं पाणी

वरच्या पाड्यावरचा हातपंप बंद पडून वीस दिवस झाले होते. ग्रामसेविका चेतनाने तालुक्याच्या कचेरीला तीनदा मेल केला आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: पाणी उपलब्ध असल्याने कार्यवाहीची गरज नाही.

चौथा मेल लिहायचं सोडून ती तणतणत जीपमध्ये बसली आणि धडगावला कचेरीतच जाऊन थडकली. अभियंता नवनीत प्रकाशा गावाकडचा, अहिराणी बोलणारा, बोलायला गोड. त्याने संगणक तिच्याकडे वळवला.

"ताई, तठे पाणी शे आसं लिखेल शे ना!"

मेलमध्येच बसवलेल्या एआयने तिच्या पत्राचा सारांश वर एका ओळीत मांडला होता: पाड्यावर नाल्याचे पाणी उपलब्ध आहे.

"खाली वाचा," चेतना म्हणाली.

नवनीतने पहिल्यांदाच मूळ मजकूर उघडला. 'हातपंप बंद आहे. लोक नाल्याचं गढूळ पाणी पितात. चार मुलं जुलाबाने आजारी आहेत.'

तो ओशाळला. "दिवसाला दोनशे मेल येतस, ताई. कितला वाचू?"

"आणि मला आलेलं उत्तर?"

"तेबी त्या एआयनीच लिखं. मी नुसतं बटन दाबं."

चेतनाने कपाळाला हात लावला. रागाच्या भरात ती म्हणाली, "मग वीस दिवस मी कोणाशी भांडत होते, साहेब?"

नवनीतने तिच्यासमोरच मेकॅनिकला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पाड्यावर आला. पंपाची साखळी तुटली होती. ती बदलायला त्याला पाऊण तास लागला.